ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडू द्या: संगणकाचा पडदा घडवणाऱ्यांना अमळनेरहून खुले पत्र

अमळनेर, जि. जळगाव

घरगुती संगणकांचा डेस्कटॉप आणि त्यामागची फाईल-व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत, घडवणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी अमळनेरात टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान चालवते. सातबारा, प्रतिज्ञापत्रं, पीकविम्याचे अर्ज, शाळेचे दाखले असं सगळं दिवसभर माझ्या हातून जातं. संध्याकाळी शटर ओढलं की गल्लीतल्या कुणाचा तरी लॅपटॉप समोर येतो. सोबत बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, तेही आमच्या अहिराणीत: "ताई, मन्ही फाईल कोठे गयी? आठेच ठेयेल व्हती." इथेच तर ठेवली होती.

हे म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणांनी पन्नाशीनंतर एमएस-सीआयटी केलं आहे. कापसाचा हिशेब, बचत गटाची वही, नातवंडांचे फोटो असं सगळं ती संगणकावर नीट सांभाळतात. वस्तू त्यांनी खरोखरच तिथे ठेवलेली असते. तुम्ही ती हलवलेली असते, किंवा तिचं दिसणं आणि असणं वेगळं करून ठेवलेलं असतं. गेल्या काही महिन्यांत हे इतकं वाढलं की हे पत्र लिहिल्याशिवाय मला राहवेना.

आमच्या गल्लीतल्या नानांचं सांगते. नानांनी नवा लॅपटॉप घेतला. डेस्कटॉपवर 'कापूस' नावाचं फोल्डर केलं आणि काट्याच्या पावत्यांचे फोटो, व्यापाऱ्याच्या पट्ट्या त्यात ठेवत गेले. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना एक पडदा आला होता. तुमच्या फायली सुरक्षित ठेवायच्या का, असं इंग्रजीत विचारणारा, मोठ्या रंगीत बटणाचा. 'नंतर' हा शब्द खाली बारीक आणि फिकट होता. मुलाने मोठं बटण दाबलं. त्या क्षणी डेस्कटॉपचं फोल्डर ऑनलाइन खात्याच्या फोल्डरात हलवलं गेलं, हे घरात कुणालाच कळलं नाही. पुढे फुकट मिळालेली जागा भरली, इशारे येऊ लागले, आणि मुलाने वैतागून ती सोय बंद केली. डेस्कटॉप रिकामा. पावत्या खात्यात होत्या, पण खात्याचा कोड जाणारा मोबाईल नंबर केव्हाच बंद झाला होता. आम्हाला नऊ दिवस लागले. व्यापाऱ्याबरोबर हिशेबाला बसायचा दिवस त्यात निघून गेला.

तुमचा हेतू मला समजतो. माझ्या टेबलाच्या खणात लोकांच्या मेलेल्या चार हार्ड डिस्क आहेत, त्यांतल्या एकीत एका घरातल्या लेकीचं सगळं बालपण आहे. दुसरी प्रत असायलाच हवी. पण प्रत काढणं वेगळं आणि मूळ वस्तू उचलून नेणं वेगळं. लॉकरमध्ये सोनं ठेवायला माणूस स्वतःच्या पायांनी बँकेत जातो, पावती घेतो, किल्ली घेऊन घरी येतो. इथे किल्ली कुणाकडे आहे हेच नानांना ठाऊक नव्हतं.

आणि जागा वाचवायची म्हणून तुम्ही आणखी एक केलं. फाईलचं चित्र डेस्कटॉपवर दिसतं, नाव दिसतं, आकारही पूर्ण दिसतो, पण आत काही नसतं. उघडलं की ती इंटरनेटवरून येते. शेतातल्या खळ्यावर, जिथे फोनला धड रेंज नाही, तिथे ते चित्र म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. डबा दुसऱ्याच्या घरी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक ढग काढता. साठीतल्या डोळ्यांना तो दिसत नाही.

माझ्या आजीच्या घरात उतरंड होती. खालच्या मोठ्या मडक्यात दादर ज्वारी, त्यावर डाळी, मग बिबडे, अगदी वरच्या बोळक्यात चार पैसे. रात्री दिवा गेला तरी तिचा हात चुकत नसे, कारण कुठल्या मडक्यात काय हे हाताला माहीत होतं. झेरॉक्स कंपनीने 1981 साली 'स्टार' नावाचा संगणक आणला, 1984 साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला, आणि कचेरीतलं टेबल, कागद, फोल्डर, कचऱ्याची टोपली असं सगळं पडद्यावर आलं. आमच्या घरांत कचेरीचं टेबल कुणाकडे होतं? तरीही खानदेशातल्या बाईला ते समजलं, कारण ठेवल्या जागी वस्तू सापडणे हा नियम तिच्या उतरंडीचाच होता. पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये प्रत्येक फोल्डरची स्वतःची खिडकी होती आणि ती शेवटची जिथे ठेवली तिथेच पुन्हा उघडत असे.

हेही सांगायला हवं, की त्याच मॅकिन्टॉशवर पहिल्या वर्षी डिस्कच्या पातळीवर फोल्डर नव्हतेच. सगळ्या फायली एकाच सपाट यादीत असत, फोल्डर फक्त पडद्यावर दिसत. एकात एक बसणारे खरे फोल्डर 1985 मध्ये नव्या फाईल-व्यवस्थेबरोबर आले. म्हणजे दिसतं ते आणि असतं ते यांची फारकत पहिल्यापासूनची आहे, मी ती तुमच्यावर नव्याने लादत नाही. चारशे किलोबाइटच्या फ्लॉपीवर ती कुणाला बोचत नव्हती. आज एका घरात हजारो फोटो आहेत, म्हणून तुम्ही म्हणता की जागा विसरा, शोधा. शोध चांगला आहे, मीही दिवसभर वापरते. पण शोधायला नाव आठवावं लागतं, आणि ते नाव मराठीत असलं तर काय होतं ते आता लिहिते. या पत्रामागचं माझं खरं दुखणं तेच आहे.

मी आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, कानबाईची आणि लग्नातली अहिराणी गाणी गोळा करते. आई, मावशी, आत्या, त्यांच्या सासरच्या बायका जशा भेटतील तशा, फोनवर रेकॉर्ड करून. पुण्यातली भाचीही तिच्या परीने करते. माझ्या लॅपटॉपवर 'वऱ्हाडाची गाणी' असं फोल्डर आहे. तिनेही तिकडे त्याच नावाचं केलं. ते एका पेन ड्राइव्हवर आलं, तेव्हा माझं फोल्डर आधीच त्यात होतं. खरं तर संगणकाने विचारायला हवं होतं, की या नावाचं फोल्डर आहे, एकत्र करू का? त्याने विचारलं नाही. दोन फोल्डर शेजारी शेजारी बसले, दोन्हींवर 'वऱ्हाडाची गाणी', अक्षरन् अक्षर तेच. मला वाटलं एकच फोल्डर दोनदा उतरलं. मी एक डिलीट केलं.

जे गेलं त्यात मावशीची अकरा गाणी होती, भाचीने रेकॉर्ड केलेली. भाचीने जागा हवी म्हणून तिच्याकडची काढून टाकली होती, आता ती माझ्याकडे आहेत या भरवशावर.

एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी कशी राहिली, हे कळायला मला बरेच दिवस लागले. आपल्या 'वऱ्हाड', 'शेतकऱ्यांची', 'तऱ्हा' या शब्दांतला तो अर्धा ऱ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, त्यासाठी असलेलं स्वतंत्र अक्षर ऱ आणि त्याचा मोडलेला पाय. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून J ची कळ दाबल्यावर येतो. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग मोडलेला पाय. तीन, साधा र, मोडलेला पाय आणि त्यापुढे डोळ्यांना कधीच न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पहिले दोन प्रकार समान मानावेत, असं युनिकोड स्वतः सांगतं. तिसरा मात्र त्या नियमात बसत नाही. आणि विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची एक्सटी4 आणि पेन ड्राइव्हवरची फॅट या घरोघरच्या फाईल-व्यवस्था सहसा त्या नियमाच्याही वाटेला जात नाहीत. नाव जसं टाइप झालं तसंच्या तसं ठेवतात. म्हणून एका फोल्डरमध्ये दिसायला एकच असलेली तीन 'वऱ्हाडाची गाणी' राहू शकतात. मी पहिल्या पद्धतीने लिहिलं होतं, भाचीच्या टायपिंगच्या साधनाने तिसऱ्या.

यातही ओढाताण आहे, हे मी वाचलं आहे. फाईल-व्यवस्थेनेच नावं सारखी करून घ्यायची म्हटलं तर तिला जगातल्या सगळ्या लिप्यांचे नियम पोटात घ्यावे लागतात, आणि नियम बदलले की जुन्या डिस्कचं काय हा प्रश्न उभा राहतो. नाव जसंच्या तसं ठेवणं साधं, वेगवान आणि प्रामाणिक आहे. मान्य. मग फाईल-व्यवस्थेला हात लावू नका. पण तिच्यावरचा पडदा तर तुमचाच आहे ना? एकसारखी दिसणारी दोन नावं शेजारी आली की त्याने सांगावं. इंग्रजीत मोठ्या आणि लहान लिपीतला फरक लोकांना गोंधळात टाकतो म्हणून तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो फरक कधीच मिटवून टाकला. तिथे दिसणारा फरकही तुम्ही माणसासाठी मिटवलात. इथे तर न दिसणारा फरक आहे, आणि तो अजून तसाच आहे.

मराठी नावांबद्दल आणखी दोन लहान गोष्टी. एक्सटी4 मध्ये फाईलचं नाव 255 बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. 'वऱ्हाडाची गाणी' हे नाव 40 बाइट खातं, रोमनमध्ये तेच 15 मध्ये बसतं. गाण्याची लांब ओळ नाव म्हणून द्यायची म्हटली तर ती बसत नाही. आणि यादी लावताना ळ ल-नंतर येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आम्ही शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ शिकलो. मराठीची ही ओळ संगणकाला माहीत असली तरी लॅपटॉप इंग्रजीवर ठेवलेला असला की ती वापरली जात नाही. आणि आमच्याकडे दुकानातून येणारा जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप इंग्रजीवरच ठेवलेला असतो.

आता डिलीटबद्दल. लॅपटॉपवरून काही काढलं की ते रिसायकल बिनमध्ये जातं, हे विंडोज 95 पासून लोकांच्या हाताला बसलं आहे. पेन ड्राइव्हवरून काढलं की सरळ जातं. तीच कळ, तेच चित्र, तीच उजवी क्लिक, आणि परिणाम वेगळा. मध्ये एक चौकट येते खरी. पण दिवसात चाळीस वेळा 'होय' म्हणायला लावणाऱ्या चौकटींमध्ये ती एकेचाळिसावी असते. माझंही बोट तसंच गेलं. काही व्यवस्था पेन ड्राइव्हवरच लपवलेली टोपली ठेवतात. त्यात पुसूनही जागा मोकळी होत नाही, आणि ड्राइव्ह परक्याच्या हाती गेला की पुसलेलंही त्याच्या हाती जातं. माझ्या दुकानात रोज लोकांचे ड्राइव्ह लागतात, मला हा धोका चांगला कळतो. तरीही मी टोपलीच निवडेन. दुसऱ्याने पाहिलेला कागद परत मागता येतो, जळालेला येत नाही.

फॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर फाईल पुसली की तिच्या नोंदीतलं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा रिकामी म्हणून मांडली जाते. आतला मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तिथेच असतो. हे मला माहीत होतं. पण चूक ध्यानात येईपर्यंत त्याच ड्राइव्हवर एका लग्नाचे फोटो चढले होते. 1970 च्या दशकातल्या व्हीएमएस या प्रणालीत फाईल सेव्ह केली की जुनी तशीच राहत असे आणि नवीला पुढचा क्रमांक मिळत असे. डिस्क भरत जाई, अधूनमधून साफ करावी लागे. त्या काळी डिस्क महाग होती, म्हणून ते सगळ्यांना परवडणारं नव्हतं. आज परवडतं. तरी घरगुती संगणकावर जुन्या आवृत्त्या सांभाळायची सोय बहुधा सेटिंगच्या चौथ्या मजल्यावर असते आणि बंद असते.

विजेचं थोडक्यात. आमच्याकडे वीज सांगून जात नाही. वाण्याच्या दुकानात आधी कीर्द लिहितात, मग खतावणी करतात, म्हणजे मध्ये काही झालं तरी कीर्दीवरून हिशेब पुन्हा लागतो. एनटीएफएस आणि एक्सटी4 तसंच करतात. फॅट आणि एक्सफॅट, म्हणजे आमचे सगळे पेन ड्राइव्ह, तसं करत नाहीत. कीर्द असली तरी ती बहुधा नोंदींची असते, मजकुराची नाही. 2009 च्या सुरुवातीला एक्सटी4 वापरणाऱ्यांच्या फायली मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या, कारण वेगासाठी मजकूर डिस्कवर उशिराने लिहिला जात होता. चूक फाईल-व्यवस्थेची की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची, यावर तेव्हा खूप वाद झाला. शेवटी कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, दुरुस्ती घातली गेली. वाद कुणीही जिंको, रात्रभर बसून लिहिलेला अर्ज रिकामा सापडलेल्या मुलीला मी काय सांगू? विंडोजने 2018 मध्ये पेन ड्राइव्हसाठी वेगापेक्षा झटकन काढता येण्याला पसंती दिली. असे निर्णय हवेत.

फाईलच्या नावाची शेपटी (.txt, .exe अशी) लपवणं बंद करा. 2000 सालच्या मे महिन्यात प्रेमपत्राच्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यात या लपवण्याचा मोठा वाटा होता: मजकुराची फाईल वाटावी असं नाव, आणि खरी शेपटी दडलेली. इतकी वर्षं झाली, शेपटी अजून लपवलेलीच येते.

आणि बटणं हलवू नका. 2012 साली विंडोज 8 मधून स्टार्ट बटण काढलं, 2013 मध्ये परत आणलं. 2011 च्या ग्नोम 3 या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमधून खिडकी खाली बसवायचं बटण नेहमीच्या जागेवरून गेलं. रोज नवं शिकणाऱ्या तरुण माणसाला हे चार दिवसांचं काम आहे. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंना माऊस धरायला दोन महिने लागले होते. बटण हललं त्या दिवसापासून त्या हिशेब पुन्हा वहीत लिहितात.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

घरगुती संगणकावर फाईल आधी त्याच संगणकाच्या डिस्कवर राहावी. ऑनलाइन जाईल ती प्रत असावी. ती सोय बंद केली तर सगळ्या फायली होत्या तिथे, त्याच नावांनी, न विचारता परत दिसाव्यात.

त्या पहिल्या पडद्यावर 'हो' आणि 'नको' एकाच आकाराची, एकाच रंगाची बटणं असावीत, आणि मजकूर मराठीत असावा.

फाईल डिस्कवर आहे की नाही, हे चष्म्याशिवाय वाचता येईल अशा शब्दात लिहा. ढग नको.

डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावं एका जागी आली तर पडद्याने थांबवावं, आणि 'वऱ्हाड' शोधलं की तिन्ही तऱ्हांनी लिहिलेला 'वऱ्हाड' सापडावा. कळफलक बनवणाऱ्यांनीही एकच पद्धत धरावी.

पेन ड्राइव्हवरून काढलेलं निदान काही दिवस परत मिळावं, आणि तसं ते ठेवलेलं आहे हे उघड दिसावं. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय मुळातच सुरू असावी. ज्याला जागा हवी तो बंद करील.

नवी रचना आणलीत तरी जुनी किमान काही वर्षं निवडता यावी.

आणि एवढं करण्याआधी कधीतरी इकडे या. नाशिक किंवा जळगावपर्यंत येऊन हॉटेलात बैठक घेऊ नका. एखाद्या घरात बसा, पन्नाशीची बाई फोल्डर कसं उघडते ते बाजूला बसून पाहा, मध्ये बोलू नका.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. या आखाजीला मी आणि भाची तिच्याकडे जाऊन बसलो, ती अकरा गाणी पुन्हा रेकॉर्ड करायला. चार पूर्ण आली. दोन अर्ध्यावर थांबली, पुढची ओळ तिला आठवेना. ती चार आता लॅपटॉपवर, भाचीकडे आणि एका सीडीवर आहेत, आणि शब्द मी वहीत हाताने लिहून घेतले आहेत. उरलेल्यांसाठी दिवाळीला पुन्हा जाणार आहोत.

कळावे,

आपली,
अमळनेरची एक टायपिंगवाली